मनगट

उद्यमनगरच्या फौंड्रीत एकतीस वर्षं
माझं काम एवढंच :
थंड झालेल्या कास्टिंगच्या भोकात गेज घालून बघायचा.
एक टोक आत जायला हवं, दुसरं जाता कामा नये.
नाहीतर लाल खडूची फुली.
गेजला दया नसते. रागही नसतो.
केसाएवढा फरक असला
तरी तो कुणाची अडचण विचारत नाही.

रविवारी चर्चच्या तिसऱ्या बाकावर
मी तोच गेज घेऊन बसायचो.
आधी दुसऱ्यांना लावायचो.
तीतसच्या पोरानं दशांश बुडवला,
रूथबाई पुन्हा उशिरा आल्या, त्याही प्रभुभोजनाच्या दिवशी.
मग रात्री, सालोमी झोपल्यावर, स्वतःला.

वडिलांची वही होती, लाल पुठ्ठ्याची.
शांतवन मास्तर मिशनच्या शाळेत गणित शिकवायचे.
दहा आज्ञांचे दहा रकाने, दिवसाला एक ओळ.
ते गेले आणि ओळ माझ्याकडे आली.
पहिले नऊ रकाने मी कसेबसे सांभाळले,
(कसेबसे म्हणजे खोडरबर वापरून)
पण दहाव्यात नऊ वर्षं सलग फुली :
धाकट्या आमोसचा कदमवाडीतला प्लॉट.
कोपऱ्यावरचा, पूर्वेला तोंड असलेला.
मी चाळीस चाळीस दिवस उपास केले
आणि उपाशी पोटी त्या प्लॉटवर घर बांधत राहिलो.

पुराच्या साली पंचगंगा कुंभार गल्लीत आली,
मग जिन्याच्या सहाव्या पायरीवर येऊन थांबली.
सालोमीला त्यांनी आधी नावेत घेतलं.
मी खिडकीच्या गजाला बांधलेला दोर धरून उतरलो,
बगलेत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली वही.
नाव हलली. पाय सुटले.
उरला फक्त दोर, आणि माझी बोटं,
आणि मी मनात म्हणत होतो, धर, धर, घट्ट धर,
जसं आयुष्यभर म्हणत आलो.

वरून एक पोरगा ओरडला,
तालमीतला, कान मोडलेला :
"काका, दोर सोडा आता."
मी म्हटलं, सोडला तर मेलो.
"सोडा की ओ! मी धरलंय न्हवं!"

तेव्हा खाली बघितलं.
माझ्या मनगटावर त्याची मूठ होती.
कधीपासून होती, कुणास ठाऊक.
बधिर हाताला कळलंच नव्हतं.

वही गेली.
पुढे गाळात सापडली ती, पानं एकमेकांना चिकटलेली.
एक पान सोडवून उन्हात धरलं.
बरोबरच्या खुणा आणि फुल्या
मिळून एकच निळा डाग झाला होता.
वडिलांच्या कुठल्या, माझ्या कुठल्या,
मास्तरांनाही सांगता आलं नसतं.

इथं थांबलो असतो तर बरं झालं असतं.
पण महिन्याभरात महाद्वार रोडवरून
मी नवी वही आणली. दहा रकाने आखले.
पट्टी लावून, नीट.
सालोमी भाकरी थापत होती. मागं न वळता म्हणाली,
"परत दोर धरलात का?"

त्या वहीत आता दुधाचा हिशेब असतो.
सोहेल, तो कान मोडलेला, गंगावेशीत म्हशी घेऊन उभा राहतो.
माप भरतो, किटलीत ओततो,
आणि मग न मोजता वरून आणखी एक धार.
ती कुठल्या रकान्यात लिहायची, मला अजून कळलेलं नाही.

आमोसला फोन केला. त्यानं उचलला नाही.
पुढच्या आठवड्यात परत केला.
प्लॉट अजून पूर्वेलाच तोंड करून आहे
आणि मी अजून तिकडून जाताना मान वळवतो.
एवढ्या वर्षांत सुधारलो किती, म्हणाल, तर सुताएवढा.
गेजला चालणार नाही.

गेज टेबलाच्या खणात आहे. टाकवत नाही.
काही रात्री खण उघडतो, स्टील गार लागतं.
मग डावं मनगट उजव्या हातानं चाचपतो.
खूण वगैरे काही नाही. म्हातारं कातडं, दोन शिरा.
पण मी बऱ्याच उशिरा शिकलो :
पकड आहे का, हे धरलेल्यानं ठरवायचं नसतं.

रविवारी भाकर घ्यायला हात पुढे करतो.
रूथबाई उशिरा येतात.
मी बाकावर सरकून जागा देतो.