पाच तारखेचा रुमाल

महिन्याच्या पाच तारखेला
नोमफेझेको डोक्याला रुमाल बांधून येते.
एरवी नाही. एरवी तिच्या बारीक वेण्या
मानेवर मोकळ्या असतात,
बहिणीनं दोन रात्री जागून घातलेल्या,
एक सेंटही न घेता.

पण हे कोण कुणाला सांगत बसणार?
माउंट फ्रेअरमध्ये जिभेला हाड नाही,
आणि ग्रँटच्या दिवशी तर
अख्ख्या रांगेला डोळे फुटतात.
'लेकराच्या पैशात केस केलेत.'
'लेकरू काढलंच त्यासाठी.'

मी गल्ल्यावर असते.
मक्याचं पीठ, साडेबारा किलो.
माशांचे डबे दोन. निळा साबण.
शाळेचे राखाडी मोजे.
मग एक चॉकलेट.
ते ती पट्ट्यावर सगळ्यात शेवटी ठेवते,
साबणाच्या आड,
चोरल्यासारखं विकत घेते.

मागचा म्हातारा म्हणतो, मोठ्यानं,
'आमच्या कराचं चॉकलेट.'

त्याच्या खिशातही तेच सोनेरी कार्ड आहे,
मीच ओढते दर महिन्याला.
पण म्हातारपणाच्या पैशाला कुणी नावं ठेवत नाही.
म्हातारं व्हायला
कुणाबरोबर झोपावं लागत नाही.

'हे राहू दे,' ती म्हणते.
मी चॉकलेट बाजूला सारते.
'पिन टाका.'
एवढंच बोलते मी. एवढंच.

आणि सहा तारखेला सुट्टी घेते.
मॅनेजरला सांगते, दाढ दुखतेय.
दोन वर्षांत चोवीस दाढा दुखल्या,
त्यानं अजून मोजल्या नाहीत.
पहाटेची टॅक्सी धरून कोकस्टॅडला जाते,
जिथे मला कुणी ओळखत नाही,
माझ्या पोरीच्या नावाचे पाचशे तीस रॅण्ड घ्यायला.
जाण्यायेण्याच्या भाड्यात
त्यातलं दूध निघून जातं.
लाजेचं भाडं म्हणा हवं तर.

रांगेत उभी असताना
मीही रुमाल बांधते.
माझे केस तर कापलेलेच आहेत.

ते चॉकलेट अजून गल्ल्याखाली आहे,
पावतीच्या गुंडाळ्यांमागे.
पैसे मी भरलेत.
उन्हानं मऊ झालंय,
पुन्हा घट्ट झालंय, पांढुरकं.
पुढची पाच तारीख आली नि गेली,
ती समोर उभी होती, पीठ उचलत,
आणि मला सुचेना
ते कसं द्यावं,
म्हणजे तिला
तेही दिल्यासारखं वाटणार नाही.