घागर आपटायची कुठं

उद्यमनगरात, शेडच्या उत्तरेच्या भिंतीला
दोन लेथ शेजारी शेजारी.
एक माझं, एक बाळगोंडा मगदूमचं.
एकवीस वर्षं एकाच डब्यातलं ग्रीस,
त्याच्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी,
माझ्या डब्यातला खर्डा.

मी मंगळवार पेठेतला, तो उचगावचा.
सायकलवर मोजावं एवढंच अंतर.
त्यात मधे हद्दवाढ आली.

मी म्हणालो, तुम्हाला आमची बस पाहिजे,
आमचं सीपीआर पाहिजे,
फक्त आमचा घरफाळा नको.
त्यानं हातातलं टूल खाली ठेवलं.
म्हणाला, तुम्हांस्नी आमच्या जमिनी पाहिजेत,
आमची माणसं नकोत.

झालं.
एकवीस वर्षांचा ‘तू’ गेला,
दोन ‘तुम्ही’ उरले.

अकरा दिवस मी रोज जिंकत होतो.
दाढी करताना जिंकलो, पानपट्टीवर जिंकलो,
रात्री कुशीवर वळताना जिंकलो.
बायको म्हणाली, कुणाशी बोलताय?
माझ्या डोक्यातला बाळगोंडा फार सोपा होता,
दोन वाक्यांत गप्प व्हायचा.
शेजारचा खरा
पाठ फिरवून जॉब कापत होता.

बाराव्या दिवशी नव्या पोरानं, इम्तियाजनं,
शाफ्टच्या मापाचा बुश कापला.
अगदी त्याच मापाचा, तंतोतंत.
हातोड्यानं ठोकून बसवला, तो बसला तो बसलाच.
फिरेना, निघेना.
आम्ही दोघं एकदमच ओरडलो,
‘अरे, केसभर जागा ठेव की!
तेल राहणार कुठं?’

मग एकमेकांकडं बघितलं.
मग चहा सांगितला.

‘दौलू, माझं म्हणणं काय हाय ते तू सांग बघू.
माझ्या तोंडानं.’
‘घरफाळा वाढंल.’
‘न्हाई.’
‘म्हशी ठेवू देणार नाहीत.’
‘ते हाय. पर ते न्हाई.’
‘तुमचे पुढारी—’
‘ते तुझं झालं. माझं सांग.’
अकरा दिवस ज्याला हरवत होतो
त्याचं म्हणणं मला येत नव्हतं.

चहावर साय धरली तेव्हा तो बोलला.
‘नळ सरपंचाच्या दारात हुता.
आमच्या आईनं ग्रामसभेत रिकामी घागर आपटली.
आवाज असा झाला की कुत्री भुंकली.
आठ दिवसांत नळ चौकात आला.
घागरीला पोचा हाय अजून.
तुझ्या शहरात
घागर आपटायची कुठं, तेवढं सांग.’

नगरसेवक आहे, वॉर्ड ऑफिस आहे,
उत्तर जिभेच्या टोकावर तयार होतं.
त्याच्या मागोमाग आमच्या गल्लीतलं गटार आठवलं.
दोन वर्षं तुंबलंय. चार अर्ज दिलेत.
ते मी त्याला सांगून टाकलं.
वादात असलं सांगायचं नसतं.
तो हसला नाही.

मग म्हणाला, आता तुझं मी सांगतो.
शहराचा जीव कोंडलाय, पोरं पुण्याला चाललीत,
पाणी सगळ्यांनी प्यायचं, पाइपाचे पैसे थोड्यांनीच द्यायचे.
‘आणि एक तू बोललाच न्हाईस.
आमचा कचरा ओढ्यात जातोय, ओढा नदीत.
नदीला कुठं हद्द हाय?’

माझी बाजू त्यानं
माझ्यापेक्षा सरळ कापून दिली.
मी म्हणालो, मग ये की आमच्यात.
म्हणाला, न्हाई.
म्हणालो, मी पण सही करणारच.
म्हणाला, कर की. तुझी सही हाय.

उद्या गावबंद.
तो नाक्यावर बसणार, माझ्याविरुद्ध घोषणा देणार,
आवाज आहेच त्याला, आईचा.

पाचच्या भोंग्यानंतर त्याचं मशीन मी पुसलं.
चकची चावी मी उजवीकडं ठेवतो, तो डावीकडं.
यावरून पण एकदा वाजलं होतं.
अजून मला वाटतं, उजवीकडंच बरी.

डावीकडं ठेवली.