दोन बरण्या

सावा नदीच्या काठावरून, पहाटेच्या बसनं
यान्याबाई दोन बरण्या घेऊन आल्या.
आलुबुखारच्या जामच्या, लेबलं अर्धवट खरवडलेली.
"ही मातोची, नवऱ्याची. ही रुझाची."
आणि तुमची?
"मी डोंगराकडची. आमच्यात हे नसतं."

इथं या आजाराला नाव नाही.
नुसतं 'त्या घरातलं' म्हणतात,
आणि त्या घराशी सोयरीक करत नाहीत.
रुझाचं ठरलंय, नदीपलीकडे.
पलीकडच्यांना कागद हवाय, शिक्क्यासकट.

पट्टी बुडवली. साठ मोजले.
पिवळी ती पिवळीच, हिरवट झाकसुद्धा नाही.
पट्टीला दिसतात ती फक्त थोरली,
अल्ब्युमिनसारखी.
धाकटी प्रथिनं तिच्या डोळ्यांदेखत निसटतात.

म्हणून ॲसिडचे थेंब घातले,
नळी काळ्या कागदापुढे धरली.
दुधाच्या पेल्यात न विसळता पाणी ओतावं
एवढंच पांढुरकं.
मग जेलवर थेंब ठेवले, वीज सोडली,
आणि खिडकीशी उभं राहून पाव खाल्ला.

चारच्या सुमाराला निळ्या रेघा उमटल्या.
अल्ब्युमिनची, पेन्सिल टेकवल्याइतकी.
आणि तिच्या मागे, जिथं कोरं असायला हवं,
धाकट्यांची रांगच्या रांग.
गाळणी शाबूत आहे.
गाळून झाल्यावर कामाचं ते वेचून
परत घरात घेणारे हात थकलेत.

पण मी बघत राहिले ते वेगळंच.
एका रकान्यात जी रेघ फिकी
ती दुसऱ्यातही तेवढीच फिकी.
क्रिएटिनिन काढलं. दशांशासकट तेच.
साठीचा ट्रॅक्टरवाला आणि विशीची शिवणकाम करणारी पोर,
एका अंगाची कशी?

रात्री स्वयंपाकघराची कडी लावून
दोन्ही बरण्या तिनंच भरल्या असणार.
नवऱ्याला थोडं, लेकीला थोडं,
आपलं धडधाकट पाणी उसनं.
तीस वर्षं इथलाच गहू, इथलीच विहीर,
तरी डोंगर अंगात टिकतो
असा तिचा हिशेब.

फॉर्मवर तिसऱ्या नावाला जागा नाही.

बाहेर बाकावर बसली होती, मांडीवर रिकामी पिशवी घडी करून.
मला पाहून उठली.
"स्वच्छ आहे ना?
मी काचेतून बघितलं सकाळी,
पट्टी पिवळीच होती."