दोन सूत

बिरकत अल-मौजच्या बागेत, फलजच्या काठाला
खजूर साठवायची ही खोली.
जमिनीला बोटभर खोल चर, सगळे कोपऱ्यातल्या रांजणाकडे उतरते.
वर पोत्यांची थप्पी, तिच्याच भाराने
खाली पाझरणारा रस.
काकवीच म्हणा ना.

आता इथे डबल बेड येणार.
नकाशात लिहिलंय: खोली नंबर तीन, बाग दिसते.
बाग कुठली, खिडकीच अजून पाडायचीय.

मी लेव्हल ठेवली.
बुडबुडा रांजणाकडे पाठ करून पळाला.
चर भर, वर टाइल टाक, इंजिनिअर म्हणाला.
खल्फान मालक काहीच बोलला नाही.
चपला काढून चरांवर उभा राहिला,
मग उगाच तळवा उलटून पाहिला.

सिमेंट कालवलं. जेवून येतो
तर कोरड्या चरातून मुंग्यांची रांग,
थेट रांजणापर्यंत.
शेवटचं पोतं कधी उचललं, मी विचारलं.
सव्वीस वर्षं, म्हणाला.

घमेल्यातलं सिमेंट न्हाणीघरात जिरवलं.
चरांवर आता जाड काच बसणार,
पाहुणे वरून बघतील.
भिंतीकडेने दोन सूत फट सोडलीय मी.
इंजिनिअरला ती चूक वाटेल.
वाटू दे.