दस्ता

बंदूक अठराशेची,
दस्ता तेवीसशेचा.
कंधारच्या स्टँडसमोर कुरिअरचा खोका उघडला
तेव्हा रिचार्जवाला म्हणाला,
घोड्याहून खोगीर महाग झालं की, दस्तगीरभाई.

दस्तगीर बोलला नाही.
तंबाखूचे हात त्यानं लेंग्याला पुसले
आणि तो काळा दस्ता उचलला,
परक्याचं तान्हं उचलावं तसा,
आधी मान सावरून.

जुना होता आंब्याच्या लाकडाचा.
उदगीरच्या जत्रेत एका पैलवानानं आपटला रागात,
तेव्हापासून सायकलची ट्यूब गुंडाळलेली,
वरून तांब्याची तार.
खांद्याला लावला की कुरकुरायचा
आणि छर्रा जायचा तिकडं, जिकडं फुगा नाही.
आमचं पोट त्या कुरकुरीवर होतं.
मला ठाऊक होतं,
मीच फुगे फुगवायचो.
दहा रुपयांत पाच छर्रे, पाचातला एखादा लागायचा,
बाकी माझा श्वास
फळीवर टांगलेला राहायचा रात्रभर,
लाल, पिवळा, जांभळा.

उरसात तंबूमागं बसून त्यानं चार स्क्रू काढले.
एक गंजलेला, त्याला खोबरेल पाजलं,
मी मोबाईलचा उजेड धरून.
लाकूड निघालं आणि नळी उघडी पडली,
एवढीशी,
सायकलच्या पंपासारखी.
हिच्यासाठी छात्या फुगवत होते लोक.
खोक्यातल्या कागदावर चिनी अक्षरं,
चित्रं तेवढी कळली.
एक स्क्रू कमीच निघाला,
तो आकाशपाळण्याच्या मिस्त्रीकडून मागून आणला.
पाळण्यातला तर नव्हता ना, हे आम्ही विचारलं नाही.

म्हटलं, आता समद्यांचाच नेम लागंल की.
लागू दे.
अन् मंग आपण?
त्यानं खटका दाबला. दस्ता सरकला मागं,
एक घर, तीन घरं, पाच घरं,
परत आत.
बघ, म्हणाला, हिला आता हात वळखायला येतेत.

पहिल्याच रात्री लोह्याच्या पोरांनी फळी साफ केली.
नऊ वाजता माझे गाल बधिर,
फुग्यांचे तीन गठ्ठे संपले,
गल्ल्यात चारशे वीस.
दुसऱ्या दिवशी दहाला तीनच छर्रे केले,
तरी रांग हटेना.
मी खोट्या नेमाची आठवण काढत
फुगवत राहिलो.

शेजारी प्रयागबाईचं बांगड्यांचं दुकान.
अकरा उरूस तिनं आमच्याकडं पाठ करून काढलेले.
दर आवाजाला खांदा दचकायचा,
बोटांतली बांगडी मात्र कधी तडकली नाही.
शेवटच्या रात्री गर्दी पांगल्यावर
ती आली, पदराला हात पुसत.
मला न्हाई पेलायची, म्हणाली, हात तोकडा हाय माझा.
लहानपणी मोडलेला,
वैदूनं बांधला तो तसाच राहिला.
त्याच हातानं तिनं
अख्ख्या तालुक्याच्या मनगटांची मापं घेतलेली.

दस्तगीरनं खटका दाबला.
पाचही घरं आत.
दस्ता तिच्या खांद्याला टेकला,
गालाखाली आला,
आणि ती गप्प झाली.
नेम नाही धरला, आधी नुसती तोलून पाहिली,
जशी काकणं घालताना बाईची मूठ दाबून पाहते.
मापाची हाय, म्हणाली.

पहिला छर्रा पडद्यात.
दुसराही पडद्यात.
तिसऱ्याला कडेचा जांभळा फुटला,
जो तिनं धरलाच नव्हता.
ती इतकी हसली की
मागं तिच्या दुकानातल्या बांगड्या
वाऱ्यानं वाजल्या का कशानं, सांगता येत नाही.
मी दुसरा जांभळा तोंडाला लावला.
गाल दुखत होते.
लावला.

जुना दस्ता आम्ही फेकला नाही.
घाटात, चढावर टेम्पो थांबला की
चाकाखाली अडण म्हणून घालतो.
तिथं तो कुरकुरत नाही.