पालथा खल

जानेवारीत असुन्सिओनचा डांबरी रस्ता
चपलेला चिकटतो.
एउलोखियाचं मनगट प्लास्टरमध्ये,
खल फळीवर पालथा.

म्हणून रात्री मीच पुदिना खुडतो,
लिंबाची साल किसतो,
कृष्णकमळाच्या फळाचा गर बियांसकट
बर्फाच्या साच्यात ओततो.
ती खुर्चीतून ओरडते,
"पान उभं ठेव, निजवू नकोस!
आणि काठोकाठ नको. बर्फ फुगतो,
नवऱ्यांसारखा."

पहाटे टॅक्सीवाला बेनिग्नो
थर्मास पुढे करतो.
चार खडे टाकतो मी, टणटण.
तो कान देऊन उभाच.
"आज कुटण्याचा आवाज नाही?
मग हे तेरेरे कसलं, नुसतं गार पाणी."

दुपारी परत आला.
म्हणाला, पहिल्या घोटाला काहीच नव्हतं.
तिसऱ्याला पुदिना.
मग सिग्नलवर झाकण उघडून
उरलेला खडा तोंडात टाकला,
आंबट बी दाताखाली फुटलं,
मागचे हॉर्न वाजवत राहिले.

एउलोखियाला मी सांगितलं नाही.
खिडकी उघडीच होती.

रात्री डाव्या हातानं
तिनं खल सुलटा केला,
पुसला,
आणि उद्याची लिंबं त्यात ठेवली.