तिसऱ्या चाकाचं भाडं

मातानच्या धक्क्यावर झास्मँ मला थांबवतो.
तोंडात शिट्टी, अंगात नारिंगी जाकीट.
"ओडील मावशी, तुम्हाला कुठे घालू?
गाड्यांच्या रांगेत, की मोटरसायकलींच्या?"
मी म्हणते, "तूच ठरव बाबा.
तुझी आई आणि मी एकतीस वर्षं
एकाच पट्ट्यासमोर उभ्या राहून कोळंबी सोलली,
तिलाही माझं काही ठरवता आलं नाही."

तो गाडीभोवती एक चक्कर मारतो.
पुढे दोन चाकं, मागे एक.
पुन्हा मोजतो,
जणू एखादं वाटेत गळून पडलं असेल.

डॉक्टरीण म्हणाली होती, तोल कानात असतो,
थेंबभर पाण्यात.
माझं पाणी डचमळलं तीन वर्षांपूर्वी.
वळणावर नाही, वेगात नाही,
लाल दिव्यापाशी, उभ्या उभ्या पडले
आणि अडीचशे किलो लोखंड घोट्यावर घेऊन
दिवा हिरवा होताना खालून पाहिला.

मग ही आणली.
नॉर्मां म्हणाला, तीन तिघाडा!
ही काय मोटरसायकल?
बिनछपराची गाडी आहे ही.
मागे बसायला तो अजून तयार नाही.
पण आज पहाटे, चहा निवत ठेवून,
तिन्ही चाकांची हवा त्यानेच तपासली.
मला वाटतं, मागच्याची दोनदा.

आणि खरं सांगू?
हिवाळ्यात अख्खं गाव याच आकारावर बसतं.
बर्फावरच्या गाडीला पुढे दोन पट्ट्या, मागे एक पट्टा,
पाद्रीसुद्धा त्यावरून मयताला गेलाय.
तेव्हा कुणी विचारत नाही हिची जात.
बर्फ उतरला, डांबर दिसलं,
की त्याच आकाराला लोक हसतात.

रस्त्यावर दुचाकीवाले एकमेकांना
डावा हात खाली सोडून दोन बोटं दाखवतात.
बावीस वर्षं मीही दाखवली.
आता समोरून येणारा आधी माझा दिवा बघतो,
हात सोडू लागतो,
मग चाकं दिसतात
आणि हात मांडीवर जातो, खाजवल्यासारखा.
मी तीन बोटं दाखवते.
त्याला काय समजायचं ते समजू दे.

ही वळणावर झुकत नाही.
मलाच आत कलावं लागतं,
नाहीतर वळण मला बाहेर फेकतं.
हे मला कुणी शिकवलं नाही. पहिल्या आठवड्यात
खांदे दुखून दुखून कळलं.

"मोटरसायकलींतच या," झास्मँ अखेर म्हणतो,
"भाडंही तेच. तिसरं चाक माझ्याकडून."

बोटीच्या पोटात तेलाचा आणि ओल्या दोरांचा वास.
दुचाकीवाले गुडघ्यांवर बसून
आपापल्या गाड्या पट्ट्यांनी आवळतायत.
नदी इथे समुद्राएवढी रुंद आहे, आणि आज वारा आहे.
माझ्या चाकांना झास्मँ दोन पाचरी मारतो. संपलं काम.

शेजारी एक पांढऱ्या दाढीचा,
मघाशी मांडी खाजवणाऱ्यांतलाच असावा,
पट्टा हुकात अडकत नाही त्याच्या, बोटं थरथरतात,
तेवढ्यात बोट हलते
आणि त्याची गाडी त्याच्यावरच कलू लागते.
"मादाम," तो म्हणतो, "जरा धरता का?"

मला.
जिच्या कानात पाणी डचमळतं, तिला.

मी डावा हात माझ्या हँडलवर घट्ट ठेवते,
उजव्याने त्याची गाडी धरते.
जमीन वर येते, जमीन खाली जाते,
सगळ्यांसाठीच, माझ्या एकटीसाठी नाही.
तो खाली वाकून पट्टा ओढतोय,
ओढतोय, शिव्या देतोय,
घाई करू नकोस, मी म्हणते,
मी उभी आहे.